‘खरे वडील कोण?’ आणि हे कोल्हापुरात विचारताय?

परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी मित्र आणि त्याची आठ वर्षांची मुलगी. मुलगी दत्तक आहे, रीतसर कोर्टाचा आदेश घेऊन आणलेली. समोरच्या पाहुण्यांनी पोरीदेखत विचारलं, "हिचे खरे वडील कोण म्हणायचे?" मित्र गप्प. मीही गप्पच बसलो. ती रुखरुख आहे म्हणून लिहितोय. थोडं लांब आहे, वाचा.

आपण उठता-बसता ज्यांचं नाव घेतो, त्या शाहू महाराजांचंच बघा. जन्म 1874 चा, कागलच्या घाटग्यांच्या घरातला. मूळ नाव यशवंतराव, जन्मदाते वडील जयसिंगराव. इकडे गादीवर चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेडं ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलेलं. 25 डिसेंबर 1883 ला ते तिथंच वारले, वय अवघं वीस. (त्यांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. आमच्या धंद्यातल्यांनी हे विसरू नये.) पोटी मूल नव्हतं. 17 मार्च 1884 ला राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचे शाहू छत्रपती झाले.

आता हिशेब मांडा. कायद्यानं झालेला बाप मुलापेक्षा जेमतेम अकरा वर्षांनी मोठा, आणि दत्तविधीच्या वेळी जिवंतच नाही! जन्मदाता मात्र समोर उभा. जयसिंगराव संस्थानचे रीजंट होते. आधी शिवाजी महाराजांच्या नावानं कारभार बघायचे, नंतर ज्याच्या नावानं बघू लागले तो रक्तानं त्यांचाच, पण कागदावर दुसऱ्याचा. 1886 ला तेही गेले. कागलची जहागिरी धाकट्या बापूसाहेबांकडे राहिली. थोरला त्या घरातून कायद्यानं केव्हाच उठला होता.

आणि हे एकदाच घडलं असं नाही. चौथे शिवाजी स्वतः 1871 ला दत्तक आलेले. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज, 1870 ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले ते, तेही दत्तकच. सलग तीन पिढ्या. साताऱ्याला 1848 मध्ये इंग्रजांनी दत्तक मानला नाही आणि अख्खं राज्य खालसा केलं. म्हणजे बाप कोण, हे ठरवणारा कागद गादी राखायचा नाहीतर बुडवायचा.

आजचा कायदा तर अजून सरळ आहे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं दत्तक घेतल्या दिवसापासून मूल सगळ्या बाबतीत नव्या आईबापाचं. जन्माच्या घराचा संबंध उरतो तो मुख्यतः सोयरिकीपुरता: तिथं जे लग्न निषिद्ध, ते दत्तक गेल्यावरही निषिद्धच. मित्राच्या मुलीचा आदेश बाल न्याय कायद्याखालचा, पण तिथंही हेच.

आणि गंमत बघा, पोटच्या मुलाबाबतही कायदा आधी रक्त तपासत बसत नाही. लग्न टिकून असताना मूल जन्मलं, की नवरा हाच बाप असं धरून चालतो. नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं.

आज संध्याकाळी मित्राकडे जाणार आहे. त्या पाहुण्यांचा नंबर घ्यायचाय.