लबलब्यात गाठ निघाली, आता एमआरआय कशासाठी?

जठराच्या मागे साधारण 15 सेंटीमीटर लांबीचा एक अवयव असतो, स्वादुपिंड. उर्दूत आपण त्याला लबलबा म्हणतो. इन्सुलिन इथेच तयार होतं, पचनाचा रसही. तो इतका आत असतो की आतड्यातल्या गॅसमुळे साध्या सोनोग्राफीत बरेचदा नीट दिसत नाही.

रिपोर्टात 'लिजन' शब्द आला की घर हादरतं. त्याचा अर्थ फक्त 'वेगळा दिसणारा भाग'. तो कॅन्सरच असतो असं नाही.

भरीव गाठीचा संशय असेल तर डॉक्टर बहुधा आधी इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन करतात. एमआरआयची खरी ताकद पाण्याच्या गाठीत, म्हणजे सिस्टमध्ये, दिसते. त्यातल्याच एमआरसीपी या प्रकारात द्रव पांढराशुभ्र चमकतो, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी स्पष्ट उमटते, आणि त्यासाठी इंजेक्शनही लागत नाही. गाठ नळीला जोडलेली आहे का, आत भरीव भाग आहे का, हे कळतं. गाठ 3 सेंटीमीटर किंवा मोठी, आत भरीव भाग, किंवा मुख्य नळी 10 मिलिमीटरपर्यंत फुगलेली असेल तर तज्ज्ञाला दाखवायला उशीर नको. लहान, साध्या सिस्टवर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्याने तो पुन्हा पुन्हा करता येतो. मात्र गाठ कशाची, हे पक्कं सांगायला कधी कधी एंडोस्कोपीतून सुईने नमुना घ्यावाच लागतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात पित्ताशयात खडे होतात. खडा नळीत अडकला की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते आणि पुढे तिथे पाण्याची गाठही होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाने सिकलसेलचं कार्ड तपासणीला सोबत न्यावं.

आम्हाला खरी काळजी वाटते ती काविळीच्या झाडपाल्याची. पन्नाशीनंतर पोट न दुखता आलेली कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, घटणारं वजन, अचानक निघालेली शुगर: यात माळ घालून आठवडे काढणं परवडत नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ अशीच दिसते.

सिरोंचा, भामरागडकडून नागपूर गाठणं म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे आधी फोन करून वेळ घ्या. इंजेक्शन देणार असतील तर किडनीची क्रिएटिनिन तपासणी गावाजवळच करून घ्या. महात्मा फुले योजनेत भर मुख्यतः भरती रुग्णांच्या उपचारांवर आहे, नुसती तपासणी बसेल का ते आरोग्यमित्राला विचारा.

तपासणीआधी साधारण चार तास पोट रिकामं लागतं. पेसमेकर, शरीरातली धातूची पट्टी किंवा गरोदरपण आधीच सांगावं. दागिने, हिजाबच्या पिना, धातूच्या डबीतलं तावीज काढून ठेवावं. मशीन मोठा आवाज करतं, श्वास मध्ये मध्ये रोखायला सांगतात, आणि अर्धा-पाऊण तास जातो. घरच्या बुजुर्गांना हे आधी समजावलं तर ते घाबरत नाहीत.

निघताना फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. पुढच्या वेळी गाठ वाढली की नाही, हे डॉक्टर तिच्यावरूनच ताडून पाहतात.