झीज नेमकी कुठे झाली?

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की बोलणे सुरू होते ते रंगाचे आणि इंजिनाचे. स्टीअरिंगची आठवण शेवटी होते. खरे तर क्रम उलटा हवा. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. स्टीअरिंगचा सांधा निखळला तर ती थांबत नाही, वाटेल तिकडे जाते.

मंडळी, मी आयुष्यभर इतिहास शिकवला, मोटारी नव्हेत. पण माझ्या भाच्याने एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली आणि तिच्यामागे मलाही या विषयाची गोडी लागली. म्हणून आज थोडे या सांध्यांच्या इतिहासाविषयी.

आपल्या बैलगाडीला स्टीअरिंग नाही. दोनच चाके, बैल वळले की गाडी वळते. चारचाकी घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीभोवती फिरे. म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या कारागिराने प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवण्याची युक्ती काढली आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे मोटारींनी हीच रचना उचलली. सोय झाली, पण एका खिळीच्या जागी दोन किंगपिन आले, त्यांना जोडणारे टाय रॉड आले, रॉडच्या टोकांना बॉल जॉइंट आले. जितके सांधे, तितक्या झिजण्याच्या जागा.

आता पद्मिनीकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. सांगलीचे इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे वालचंद. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट ११०० चे हे भारतीय रूप १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाले, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. ते परवान्यांचे युग होते. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, सुटा भागही सहज मिळत नसे. त्यामुळे 'काढा आणि नवीन टाका' हे मिस्त्रींना परवडणारेच नव्हते. काय अजून चालेल, काय दुरुस्त होईल आणि काय फेकलेच पाहिजे, हे हाताने ओळखावे लागे. या गरजेतून एक विद्याच तयार झाली, पण ती कुणी लिहून ठेवली नाही.

भाच्याच्या मिस्त्रींनी मला ती दाखवली. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा किंचित उशिरा हलतो, तिथे प्ले. मग जॅक लावून चाक उचलायचे आणि वर-खाली धरून हलवायचे. खुळखुळले, तर दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर किंगपिन किंवा त्याचे बुश पाहायचे.

सर्वांत फसवा भाग स्टीअरिंगचा गिअरबॉक्स. आतला मळसूत्रासारखा वर्म मध्यभागी जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. टोकाकडचे आटे जवळजवळ नव्यासारखे राहतात. म्हणून मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला, की वळणावर स्टीअरिंग जड होते, अडकते. असे झाले तर समजावे की आवळण्याने भागणार नाही, झीज खरी आहे.

मिस्त्रींचा हिशेब सोपा आहे. बुश झिजले तर लेथवर नवीन करून घेता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशा कामाला तोटा नाही. बॉल जॉइंट ढिला झाला तर बदलायचाच. आणि वाकलेला किंवा तडा गेलेला आर्म वेल्डिंग करून कधीच वापरायचा नाही.

कायदा काय म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ व्या नियमाने स्टीअरिंगच्या चक्राला ३० अंशांपर्यंत प्ले चालवून घेतला आहे. चक्र ४० सेंटिमीटर व्यासाचे धरले तर कडेवर ते सुमारे साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच होतात! चांगला मिस्त्री एवढे कधीच सोडणार नाही.

आमच्या वाडीच्या बाजूला आणखी एक गोष्ट बघावी लागते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पूर नवा नाही, पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी नेहमीच्या खुणा ओलांडून गेले. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या फाटक्या रबरी टोपीतून सांध्यात गाळ शिरतो, तो ग्रीसमध्ये मिसळतो आणि पॉलिश पेपरसारखे काम करतो. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले म्हणून समजा. या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने रंगाची चमक पाहण्याआधी हे पाहावे.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ अखेर, या टॅक्सीचे पर्व संपले. वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. ती चालती ठेवणाऱ्या हातांबद्दल फारसे कुणी लिहिले नाही. राजांच्या मोटारी संग्रहालयात जातात, सनावळीत येतात. पण कुठला सांधा अजून भरवशाचा आहे हे बोटांनी सांगणाऱ्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. त्यांतले बरेच आज माझ्याच वयाचे आहेत.

तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री असेल तर एकदा त्याच्याजवळ बसा, विचारा आणि वहीत लिहून घ्या. घरात जुनी गाडी असेल तर त्याच दिवशी तिचे स्टीअरिंगही दाखवून घ्या.