काल्पनिक संख्येचे नाव आणि चकती
पुठ्ठ्याच्या एका चकतीच्या कडेवर समान अंतराने १, आय, −१ व −आय अशी चार पदे क्रमाने लिहून मध्यभागी काटा बसविला, की ऋण एकाच्या वर्गमुळाचे घात काढण्याचे हातात मावेल असे साधन सिद्ध होते. काटा १ वरून निघतो. ‘आय’ने केलेल्या प्रत्येक गुणाकारास पाव फेरा. घातांकास ४ ने भागून जी बाकी उरेल तितके पाव फेरे द्यावयाचे. ३८ व्या घाताची बाकी २, म्हणून उत्तर −१.

हा पाव फेरा गणितात येण्यास मात्र दीर्घ काळ लागला. देकार्तने अशा मुळांना ‘काल्पनिक’ म्हटले ते १६३७ साली. वेसेल या नॉर्वेत जन्मलेल्या भूमापकाने त्यांना लंबदिशेचा अर्थ दिला तो १७९७ साली, कोपनहेगन येथे. त्याचा निबंध डॅनिश भाषेत छापला गेला व सुमारे शंभर वर्षे अलक्षित राहिला. दरम्यान आर्गांने १८०६ साली पॅरिसमध्ये तीच कल्पना निनावी पुस्तिकेतून मांडली.

दोष नावाचा आहे, हे गाउसने १८३१ साली ओळखले. धन, ऋण व काल्पनिक यांऐवजी सरळ, उलट व पार्श्वीय अशा अर्थाची नावे असती, तर या विषयातील गूढता उरली नसती, असे त्याचे मत होते. चकतीकडे पाहता ते पटते: ‘आय’ तेथे खरोखरच बाजूला असतो. तथापि रूढी बलवत्तर ठरली. मराठीने ‘काल्पनिक’ हाच शब्द स्वीकारला. गाउसच्या जर्मन भाषेतही जुनेच विशेषण टिकून आहे.