मशीनखालची लपणारी चाकं

जुन्या कारखान्याची नोंद करायला आपण जातो तेव्हा आधी वर बघतो. तुळईला शाफ्टचे ब्रॅकेट उरलेत का, भिंतीतलं पट्ट्यासाठी पाडलेलं भोक बुजवलंय का. मग खाली बघतो. फरशीत गाडलेले बोल्ट, दगडी चौथरा, तेलाने काळवंडलेला कोपरा. एवढ्यावरून कोणतं मशीन कुठे उभं होतं हे बऱ्यापैकी सांगता येतं.

आमच्या काकांची बेळगावात, शहापूर भागात, लाकूडकामाची शेड होती. मागच्या वर्षी ती रिकामी करताना मी याच सवयीने वर-खाली बघितलं. काहीच सापडलं नाही. तीस वर्षं तिथे बँडसॉ, गोल करवत, रंद्याचं मशीन आणि लेथ चालला, पण जमिनीत एक बोल्टसुद्धा नाही. कारण ही मशीनं चाकांवर होती, आणि चाकंही साधी नव्हेत. पायाने पट्टी दाबली की खाली येऊन मशीन उचलायची आणि पट्टी सोडली की वर जाऊन लपायची. आज त्या चाकांबद्दल लिहायचं आहे. त्यांच्या मागे सुताराच्या धंद्याचा मोठा बदल आहे.

यंत्रं येण्याआधी सुतार फिरता होता. बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून गावात त्याचं घर असे, पण काम पुष्कळदा गिऱ्हाईकाच्या अंगणात. वाकस, पटाशी, रंदा, गिरमिट खांद्यावरच्या पिशवीत मावत. लाकूड जिथे पडलंय तिथे सुतार जाई.

यंत्राने हे उलटं केलं. आता जिथे शक्ती तिथे यंत्र, आणि जिथे यंत्र तिथे माणूस. आपल्या जवळचं उदाहरण गोकाकच्या गिरणीचं. घटप्रभेच्या धबधब्याचा जोर हवा म्हणून गिरणीच धबधब्याशेजारी गेली. लहान कारखान्यांतही तत्त्व तेच. एका बाजूला इंजिन, छताखाली लांबच लांब शाफ्ट, त्यावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून एक चामड्याचा पट्टा खालच्या मशीनवर उतरलेला. मशीनची पुली वरच्या पुलीच्या रेषेत नसली की पट्टा निसटायचा. म्हणून मशीन चौथऱ्यावर बोल्टने आवळून टाकत. वीतभर सरकवायचं तरी पट्टा नव्याने कापून जोडा, रेषा पुन्हा साधा.

अशा काळात कारखानाच हलवायची वेळ आली तर? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. १९१० मध्ये त्यांना बेळगाव सोडावं लागलं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या गावात किर्लोस्कर रोड हे नाव मागे राहिलं. या स्थलांतराची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण शाफ्ट-पट्ट्याच्या काळात कारखाना हलवणं म्हणजे तो मोडून नव्याने बांधणं होतं, हेही त्यातून लक्षात घ्यावं.

ही साखळी तोडली विजेच्या मोटारीने. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटार मिळाली आणि शाफ्टची गरज संपली. १९४६ मध्ये बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी निघाली आणि तिथे मोटारी होऊ लागल्या, म्हणजे बेळगावात सुरू झालेल्या घराण्याचाच या सुटकेला हात लागला. तिकडे अमेरिकेत मिलवॉकीला १९१९ मध्ये सुरू झालेल्या डेल्टा कंपनीने घरच्या आणि लहान शेडच्या मापाची लाकूडकामाची मशीनं लोकप्रिय केली. १९४७ मध्ये हान्स गोल्डश्मिट यांचं शॉपस्मिथ बाजारात आलं. एकाच यंत्रावर लेथ, करवत, ड्रिल आणि घासायची तबकडी. हे यंत्र बहुतेकांच्या घरी मोटारगाडीच्या खोलीत असे. गाडी आत घ्यायची तर यंत्र भिंतीला सरकलं पाहिजे. म्हणून शॉपस्मिथला पायाने दाबून खाली आणायची चाकं मिळू लागली.

इथे कुणी विचारेल, फर्निचरच्या पायांना तर चाकं केव्हाचीच आहेत, मग मशीनला नेहमीची चाकं लावून का भागलं नाही? खरंच, वॉशिंग्टनच्या डेव्हिड फिशर यांनी फर्निचरच्या सुधारित चाकाचं पेटंट १८७६ मध्येच घेतलं होतं. पण कपाट काम करत नाही, मशीन करतं. करवतीत फळी ढकलली की ढकलणाऱ्याचा जोर मशीनवरही येतो. चाकाला ब्रेक लावला तरी फिरता कॅस्टर आपल्या खिळीवर थोडा डुलतोच. पातं फिरत असताना मशीनने बोटभर जागा सोडली तर काय होईल, हे सुताराला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे मशीनला चाक हवं, आणि काम सुरू झालं की तेच चाक नको. लपणारं चाक हा या दोन्ही मागण्यांवर काढलेला मार्ग.

काकांकडे ही चाकं आली ती एका अपघातानंतर. शेड अरुंद. आठ फुटी फळी करवतीतून काढायची तर बँडसॉ दाराशी न्यावा लागे. तो पहारीने उचलायचा, खाली लोखंडी पाइप सारायचे आणि ढकलायचं. एकदा पाइप निसटला आणि काकांच्या डाव्या पायाचा अंगठा चेंगरला. दीड महिना शेड बंद. बरे झाल्यावर त्यांनी ओळखीच्या वेल्डरला बोलावलं आणि एवढंच सांगितलं, ‘‘बसायचं तेव्हा बसलं पाहिजे, उठायचं तेव्हा उठलं पाहिजे. तसं करूया की.’’

रचना साधीच. स्टँडच्या दोन बाजूंना अँगलचा एकेक तुकडा बिजागरीवर टांगलेला, त्याला दोन-दोन फिरती चाकं. दोन्ही तुकडे एका पट्टीने जोडलेले. पट्टीवर पाय दिला की तुकडे फिरून चाकं जमिनीला टेकत आणि मशीनचे पाय जेमतेम अर्धा इंच उचलले जात. पट्टी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे गेली की वजनानेच अडकून बसे, खिळीची गरज नाही. परत यायला तिला पायाच्या टोकाने वर उचलायचं.

काका जुळवताना काही गोष्टी पक्क्या पाळत. मशीन जेमतेम उचलायचं, जास्त उंच गेलं की कलंडतं. बँडसॉ वरून जड असतो, म्हणून त्याची चाकं पायांच्या बाहेर काढून बसवली. चाकाची ताकद मोजताना वजनाला चाराने नाही, तीनाने भागायचं. ओबडधोबड फरशीवर चौथं चाक अधांतरीच असतं. आणि मशीन खाली बसवल्यावर प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सारून बघायची. एकाही पायाखाली ती सुटी सरकली तर मोटार सुरू करायची नाही. भुशाने चाकं अडतात, म्हणून शनिवारी ती ब्रशने साफ करायचं काम माझं असे.

या चाकांनी काय साधलं? जिथे जेमतेम दोन मशीनं मावली असती तिथे चार मावली. गणपतीच्या दिवसांत मशीनं भिंतीला लावून त्याच शेडमध्ये आरास मांडली जाई. शेड भाड्याची होती, मालकाची फरशी फोडावी लागली नाही. भांडवल नसलेल्या माणसाला कारखानदार होता आलं ते मोटारीमुळे जितकं, तितकंच या चाकांमुळे. एका अर्थाने सुतार पुन्हा फिरता झाला, फरक एवढाच की आता तो यंत्रासकट हलू शकत होता.

पण आपल्यासारख्या नोंदी करणाऱ्यांची यात अडचण होते. चौथरा मागे राहतो, चाक राहत नाही. मशीन भंगारात गेलं की चाकंही जातात, आणि पन्नास वर्षांनी कुणी म्हणेल, इथे रिकामी खोली होती. काकांचा बँडसॉ विकला गेला. एक चाकाचा तुकडा मी ठेवून घेतला, दाबायच्या पट्टीसकट. पट्टीवर बुटाने झिजलेली गुळगुळीत खोलगट जागा आहे. ती उजव्या पायाची. डावा पाय काका त्या अपघातानंतर मशीनजवळ कधी नेत नसत.

म्हणून मंडळाच्या वाचकांना एक विनंती. अजून चालू असलेल्या एखाद्या लहान सुतारशेडमध्ये गेलात तर फोटो मशीनचा घ्याच, पण खाली वाकून त्याच्या पायांचाही घ्या. ती चाकं कुणी, कशासाठी बसवली ते विचारा. सांगणारी माणसं अजून आहेत.