दुखतं एकीकडे, सुई दुसरीकडे



आपल्याकडे एक म्हण आहे: आजार रेड्याला आणि औषध पखालीला. इथे वाढलेल्या मुलांना ती समजावून सांगावी लागते. नळ नव्हते तेव्हा कातड्याची मोठी पिशवी, म्हणजे पखाल, रेड्याच्या पाठीवर लादून पाणी आणत. रेडा आजारी पडला आणि औषध दिलं पखालीला, तर लोक हसणारच. आज गोष्ट सांगणार आहे ती अशा डॉक्टरांची, ज्यांच्या उपचाराला कुणीही हीच म्हण लावली असती. रुग्णाचा खांदा पुढून दुखायचा आणि त्या सुई टोचायच्या पाठीमागे, खवाट्यावर.

मी या विषयाकडे कसा वळलो, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत वेस्ट विंडसरला चांगलाच बर्फ पडला. ड्राइव्हवे मीच साफ केला. दुसऱ्या दिवशी प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कच्या गाडीत बसलो आणि छातीत डावीकडे कळ आली. ती दंडातून करंगळीपर्यंत उतरली. आई फोनवर म्हणाली, "गॅस झाला असेल रे, ओवा खा." बायकोने काही ऐकून घेतलं नाही, सरळ इमर्जन्सीत नेलं. ईसीजी झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. हृदय ठीक होतं. दुखणं मात्र तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी एका डॉक्टरांनी छातीचा स्नायू चिमटीत धरून दाबला आणि तीच कळ तशीच करंगळीपर्यंत गेली. "हे कोणी शोधून काढलं?" मी विचारलं. उत्तर मिळालं, "जॅनेट ट्रॅव्हेल."

या बाई १९०१ साली जन्मल्या, न्यूयॉर्कच्या. वडीलही डॉक्टर. १९२६ मध्ये कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पुढे शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. आपल्याकडून गाडीने तासाभरावर असलेल्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचं क्षयरोग्यांचं मोठं रुग्णालय होतं. तिथले फुप्फुसाचे रुग्ण खांदेदुखीची तक्रार करायचे. दुसरीकडे हृदयाचे रुग्णही तेच सांगायचे. रोग वेगळे, गाऱ्हाणं एकच. शिवाय त्यांचा स्वतःचा खांदाही दुखायचा. खवाट्यावरचा स्नायू चाचपताना त्यांना असे बिंदू सापडले, की बोट तिथे दाबावं आणि कळ हातात उमटावी.

हा अनुभव त्यांच्या एकटीचा नव्हता. लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये निरोगी माणसांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र पाणी टोचून पाहिलं होतं. वेदना सुईपासून दूर उमटते आणि प्रत्येक स्नायूची उमटण्याची जागा ठरलेली असते, असं त्यांना दिसलं. ट्रॅव्हेल आणि हृदयरोगतज्ज्ञ सीमोर रिन्झलर यांनी हेच सूत्र उपचारात उतरवलं. खांदा आणि हाताच्या दुखण्यावर स्नायूत प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचण्यासंबंधीचा त्यांचा लेख १९४२ मध्ये आला.

आता यात शरीररचनेचं ज्ञान कुठे येतं? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे जागा शोधताना. खवाट्याच्या मागच्या बाजूला इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू आहे. त्याचं दुखणं बहुतेक वेळा खांद्याच्या पुढच्या भागात, खोलवर जाणवतं. रुग्ण पुढे बोट दाखवतो आणि डॉक्टरने मागे जायचं असतं. छातीच्या मोठ्या स्नायूचं, पेक्टोरॅलिसचं दुखणं हाताच्या आतल्या बाजूने खाली उतरतं. ते डावीकडे असलं की हुबेहूब हृदयविकारासारखं वाटतं.

दुसरं ठिकाण जिवाशी गाठ असणारं. छातीच्या स्नायूखाली फासळ्या आहेत आणि फासळ्यांच्या मधल्या फटींमागे फुप्फुस. सुई सरळ आत गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसू शकतं. म्हणून स्नायू चिमटीत उचलून धरतात आणि सुई छातीच्या भिंतीला समांतर, तिरकी घालतात. आज काही डॉक्टर अल्ट्रासाउंडवर सुई बघत बघत इंजेक्शन देतात. ट्रॅव्हेलबाईंच्या काळात बोटं आणि डोक्यातला नकाशा, एवढंच होतं.

तो नकाशा पुढे छापून आला. १९८३ मध्ये ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. कोणत्या स्नायूचं दुखणं कुठे उमटतं, याची त्यात स्नायूगणिक चित्रं आहेत. हे सायमन्स म्हणजे १९५७ साली फुग्यातून सुमारे ३० किलोमीटर उंच गेलेले हवाई दलातले डॉक्टर.

ट्रॅव्हेल यांचं नाव जगाला कळलं ते मात्र केनेडींमुळे. पाठीच्या शस्त्रक्रियांनंतरही बेजार असलेले सिनेटर केनेडी १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले. प्रोकेनच्या इंजेक्शनांनी त्यांना आराम पडला. केनेडींची ती प्रसिद्ध झुलती खुर्चीही बाईंच्याच सल्ल्याची. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची वैयक्तिक डॉक्टर झालेली ती पहिली स्त्री. पण त्याच वर्षी व्हाइट हाउसमधल्या इतर डॉक्टरांना इंजेक्शनं फार होताहेत असं वाटलं. मग हान्स क्राउस यांना बोलावलं गेलं आणि त्यांनी केनेडींना व्यायामाला लावलं.

हा वाद अजून मिटलेला नाही. १९७९ मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी दाखवलं, की औषधाविना नुसती सुई टोचूनही अनेकांना आराम पडतो. म्हणजे गुण औषधाचा, की सुई नेमक्या जागी पडण्याचा? शिवाय दोन डॉक्टरांना एकाच रुग्णात तोच बिंदू सापडेल असंही नाही. माझं म्हणाल तर एका इंजेक्शनने कळ उतरली, पण खांदा पूर्ववत झाला तो दोन महिन्यांच्या व्यायामाने आणि लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर ठेवल्याने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॅव्हेल आणि रिन्झलर यांनी १९४८ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. खरोखर हृदयविकार असलेल्या रुग्णांतही छातीच्या स्नायूत इंजेक्शन दिल्यावर वेदना कमी होऊ शकते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: दाबल्यावर दुखतं किंवा सुईने आराम पडला, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. म्हणून छातीत दुखलं तर आधी ९११. ओवा, शेक, मालिश आणि माझी ही गोष्ट, सगळं नंतर.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडेही एरर एका स्क्रीनवर दिसते आणि चूक भलत्याच फाइलीत असते. पण तिथे चुकलं तर प्रोग्रॅम पुन्हा चालवता येतो.

येत्या थंडीत फावडं जपून चालवा. शेजारच्या काकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ घरातल्या तरुण मुलांना काढायला सांगा. पुन्हा भेटू.