एका माणसाचा आजार आणि एक कंपनी

राजा आजारी पडला, तर ती बातमी राजवाड्याची की राज्याची? हा इतिहासातला जुना प्रश्न. आज आपण तो कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या निमित्ताने पाहू. कंपनी ॲपल, आणि माणूस स्टीव्ह जॉब्ज.

हे अवलंबित्व आलं कुठून, ते आधी बघू. १९८५ साली जॉब्ज स्वतःच सुरू केलेल्या कंपनीतून बाहेर पडले. १९९७ साली परतले तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्यांनी बरीचशी उत्पादनं बंद केली आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून, मायक्रोसॉफ्टकडून, १५ कोटी डॉलर्सची गुंतवणूक घेतली. मग १९९८ साली आयमॅक, २००१ साली आयपॉड, २००७ साली आयफोन. लोकांनी यातून सरळ हिशेब मांडला: जॉब्ज आहेत म्हणून ॲपल आहे. कंपनीनेही या समजाला खतपाणीच घातलं. महत्त्वाची नवी वस्तू मंचावर दाखवणार ते स्वतःच!

आणि ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ सापडली. प्रकार दुर्मीळ, तुलनेने हळू वाढणारा, शस्त्रक्रिया करता येण्याजोगा. पण जॉब्ज यांनी सुमारे ९ महिने शस्त्रक्रिया टाळली, आहाराचे आणि इतर पर्यायी उपचार करून पाहिले. अखेर ३१ जुलै २००४ ला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवला, तेव्हा कुठे भागधारकांना हे समजलं. मधले ९ महिने कंपनी गप्प होती.

इथे आपण जरा थांबू. कारण पुढचा सगळा गोंधळ या गप्प बसण्यातून वाढला.

जून २००८ मध्ये जॉब्ज मंचावर आले ते अगदी वाळलेले. कंपनी म्हणाली, साधा संसर्ग आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आल्याची खोटी बातमी इंटरनेटवर पसरली आणि ॲपलचा शेअर काही मिनिटांत घसरला. बातमी खोटी ठरल्यावर तो सावरलाही. पण बघा, खरी माहिती मिळत नसेल तर बाजार अफवेवर चालतो. ५ जानेवारी २००९ ला जॉब्ज यांनी पत्रात लिहिलं की हार्मोन्सचं संतुलन बिघडलंय, उपाय सोपा आहे. अवघ्या ९ दिवसांनी त्यांनी कळवलं की प्रकरण वाटलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, आणि जूनअखेरपर्यंत रजा घेतली. एप्रिलमध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात त्यांचं यकृत-प्रत्यारोपण झालं. जगाला ते कळलं जूनमध्ये.

आता दुसरी बाजू. या रजेत रोजचा कारभार टिम कुक पाहत होते. जून २००९ मध्ये नवा आयफोन ठरल्याप्रमाणे बाजारात आला. कारखाने, पुरवठा, विक्री, सगळं सुरळीत. २००८ सालीच येल विद्यापीठातून जोएल पोडोल्नी यांना आणून 'ॲपल युनिव्हर्सिटी' सुरू झाली होती, कंपनीची विचार करण्याची पद्धत पुढच्या लोकांना शिकवायला. म्हणजे आत तयारी चालू होती, फक्त बाहेर सांगायची नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये काही भागधारकांनी उत्तराधिकाराची योजना जाहीर करा असा ठराव आणला. व्यवस्थापनाने विरोध केला, ठराव फेटाळला गेला.

तेव्हा जॉब्ज तिसऱ्यांदा रजेवर होते. २४ ऑगस्ट २०११ ला त्यांनी पद सोडलं, ५ ऑक्टोबरला ते गेले. वय ५६. कुक यांनी पुढे सांगितलं आहे की, 'मी असतो तर काय केलं असतं' हे विचारत बसू नका, असं जॉब्ज यांनी त्यांना बजावलं होतं. वॉल्ट डिस्नींच्या मृत्यूनंतर त्यांच्या कंपनीत हेच होत राहिलं, हे त्यांनी पाहिलं होतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपलचं बाजारमूल्य १ लाख कोटी डॉलर्सच्या पुढे गेलं. म्हणजे कंपनी एका माणसावर अवलंबून नव्हती, असं म्हणायचं का? आपल्याला वाटतं, प्रश्न दोन आहेत. कंपनी चालवायला ते अनिवार्य नव्हते, हे त्यांच्या रजांनीच सिद्ध केलं. पण काय बनवायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे ठरवण्यात त्यांची जागा भरली का, हे ताळेबंदात दिसत नाही.

आणि सुरुवातीचा प्रश्न? आजारी माणसाला आपला आजार झाकायचा हक्क आहे. पण ज्या कंपनीने आपली सगळी पत एका चेहऱ्यावर उभी केली, तिला त्या चेहऱ्याची तब्येत पूर्ण खासगी म्हणता येईल का? आम्हाला तरी नाही वाटत. तुमचं मत वेगळं असेल, तर त्यावरच बोलू. प्रश्न घेऊ या.