सुशीची सुरळी आणि एक बिनपगारी संशोधिका

सुशीची सुरळी घरी करायची तर चार गोष्टी लागतात : व्हिनेगर, साखर व मीठ कालवलेला चिकट भात, आत भरायला काहीतरी, बांबूच्या काड्यांची छोटी चटई आणि ‘नोरी’ या समुद्रशेवाळाचा सुमारे २१ बाय १९ सेंटिमीटरचा ताव. पैकी शेवटच्या वस्तूचा इतिहास आम्हां अध्यापकांना अस्वस्थ करणारा आहे. हे टिपण त्यासाठीच.

सुशीचे जुने रूप ‘नरेझुशी’. मिठातला मासा भातात महिनोन्‌महिने मुरवायचा. मासा खायचा आणि आंबलेला भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या परिसरात हा प्रकार आजही टिकून आहे. कालांतराने आंबवण्याची जागा व्हिनेगरने घेतली आणि भातही खाण्याचा झाला. हाताने वळलेली ‘निगिरी’ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई (१७९९–१८५८) याला देण्याची प्रथा आहे. सुरळी मात्र त्याहून जुनी. १७७६ सालच्या एका जपानी पाकग्रंथात चटईवर नोरी अंथरून, तीवर भात पसरून, मासा मांडून घट्ट गुंडाळण्याची कृती आढळते.

निगिरी दुकानात वाढली. सुरळी दुकानाइतकीच घरातही रमली. सुशीच्या व्यावसायिक ओट्यामागे दीर्घकाळ पुरुषच उभे राहिले. स्त्रियांचे हात उष्ण असतात, मासा बिघडतो, असे कारणही त्यासाठी पुढे केले गेले. त्याच काळात शाळेच्या क्रीडादिनाच्या आणि सहलीच्या डब्यांसाठी असंख्य आया पहाटे उठून जाड सुरळ्या वळत होत्या. आत ‘कानप्यो’ असे. म्हणजे वाळवून सोया व साखरेत शिजवलेल्या चक्क दुधी भोपळ्याच्या फिती. योहेईचे नाव इतिहासाने नोंदवले. या आयांपैकी कोणाचे नोंदवले?

ही घरगुती सुरळी सर्वांच्या आवाक्यात राहिली, याचे कारण विसाव्या शतकाच्या मध्यात घडले. नोरीचे बीजाणू उन्हाळ्यात कोठे दडतात, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. कोळी उथळ खाडीत फांद्या वा जाळी रोवून वाट पाहत. पीक इतके बेभरवशाचे, की नोरीला ‘नशिबाचे गवत’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ते फारच खालावले.

या कोड्याचे उत्तर इंग्लंडमधून आले. कॅथलीन ड्र्यू मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या अधिव्याख्याता होत्या. १९२८ साली त्यांनी विवाह केला आणि विवाहित स्त्रियांना नोकरीत न ठेवण्याच्या विद्यापीठाच्या धोरणानुसार त्यांचे पद गेले. त्या तेथेच बिनपगारी संशोधन करीत राहिल्या. शिंपल्यांत वाढणारी गुलाबी, धाग्यासारखी वनस्पती ही निराळी जात नसून नोरीच्याच कुळातील शेवाळाची एक अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. सेगावा सोकिची या शैवालशास्त्रज्ञामार्फत हे ज्ञान जपानला पोहोचले. कुमामोतोमध्ये ओता फुसाओ आदींनी कालवांच्या शिंपल्यांवर बीज वाढवून ते जाळ्यांवर उतरवण्याची पद्धत बसवली. नोरीची खरी शेती त्यानंतर सुरू झाली.

ड्र्यू-बेकर १९५७ साली वारल्या. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या. १४ एप्रिल १९६३ रोजी कुमामोतोतील उतो येथे त्यांचे स्मारक उभे राहिले. तेथे त्यांना ‘समुद्रमाता’ म्हणतात आणि दरवर्षी त्या तारखेला त्यांचे स्मरण करतात.

कोळ्यांची ही कृतज्ञता आम्हांला मोलाची वाटते. पण ‘माता’ या गौरवपदाने अधिव्याख्यातापद गेल्याची भरपाई होते काय? आमच्या वाङ्मयेतिहासातही मुद्रणप्रत लिहून काढणारी, सूची करणारी पत्नी ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत आदराने बसवलेली असते. तिच्या कामाला काम म्हणून नोंदवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, एवढे तरी आम्हां शिक्षकांच्या हाती आहे.